टर्बोसाठी हेड: आधी सीट आणि स्प्रिंग, पोर्ट सगळ्यात शेवटी

जळगावात एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत एक लेथचं दुकान आहे. गेली कित्येक वर्षं मी लहान पेट्रोल इंजिनांची हेडं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा (पोर्ट) असलेली सिलिंडरवरची झाकणं, तिथे घेऊन जातो. दुकानातले आप्पा बोलतात अहिराणीत, काम करतात शतांश मिलिमीटरमध्ये. टर्बोचं खूळ डोक्यात घेऊन आलेलं प्रत्येक पोरगं त्यांना एकच विचारतं, "आप्पा, पोर्ट किती मोठे करायचे?" आप्पांचं उत्तर ठरलेलं असतं: "पयले माप ले, मंग हात लाव."

टर्बोसाठी, आठ हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) टिकेल असं हेड कसं बांधायचं, हे मला सांगायचं आहे आणि त्याचं सार आप्पांच्या या वाक्यात आहे. साध्या इंजिनात हवा आत खेचावी लागते, म्हणून पोर्टच्या आकाराला आणि वळणाला तिथे फार किंमत असते. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारा पंखा, हवा ढकलतो. त्यामुळे टर्बोच्या हेडला तीन कामं आधी चोख करावी लागतात: व्हॉल्व्ह वेळेवर बंद करणं, एक्झॉस्टची उष्णता बाहेर काढणं आणि दाब पॅकिंगच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटच्या) आत धरून ठेवणं. पोर्ट यानंतर. ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांची हेडं मी उघडून पाहिली आहेत. पोर्ट आरशासारखे चकाकत होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला करवतीसारखे दात पडले होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलात न बसणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. म्हणून हे सगळं बंद ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसच्या मैदानात पळणाऱ्या गाडीसाठी आहे. महामार्गावर केळीच्या ट्रकांच्या रांगेत आठ हजार आरपीएम लावायला कृपा करून कुणी जाऊ नका.

इंजिन कोणतं धरायचं

उदाहरणासाठी मारुतीचं जी१३बीबी घेतो. एस्टीम आणि जिप्सी किंगमध्ये आलेलं हे १२९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. व्हॉल्व्ह उघडणारा एक कॅम, वर रॉकर, पुढे टायमिंग बेल्ट. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. जुन्या गाड्या आणि सुटे भाग धुळे, जळगाव, मालेगावच्या भंगार बाजारात अजून मिळतात, हेडं मिळतात, आणि जवळपास प्रत्येक मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. तुमच्याकडे आल्टोचं किंवा वॅगनआरचं इंजिन असलं तरी पुढचा विचार तसाच लागू पडेल, आकडे मात्र त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

८००० आरपीएमला या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २० मीटर होतो. कंपनीच्या पिस्टनला आणि रॉडला तो जड आहे. म्हणजे हेड आठ हजारांसाठी बांधायचं आणि खाली जुना माल ठेवायचा, यात काही अर्थ नाही. खाली फोर्ज्ड पिस्टन आणि चांगले रॉड नसतील तर सात हजारांवर लिमिटर लावा आणि हेडही त्याच हिशेबाने बांधा. स्प्रिंग हलकी पुरेल, खर्च वाचेल, इंजिन टिकेल.

पहिली पायरी: हेड घेण्याआधी त्याला तपासा

भंगारातलं हेड स्वस्त असतं, पण गरम झालेलं हेड फुकट मिळालं तरी घेऊ नका. ॲल्युमिनिअमचं हेड एकदा भयंकर तापलं की त्याचं टेंपर जातं आणि ते मऊ पडतं. दिसायला ठीक, पण नट आवळले की वॉशरखाली दबत जातं, सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या कड्या, खोबणीत सैल होतात. जवळच्या टूल रूममध्ये हार्डनेस टेस्टर असेल तर दोन-तीन जागी तपासून घ्या. चांगल्या हेडचा आकडा आणि तापलेल्याचा आकडा यांत फरक लगेच दिसतो.

मग हेड पूर्ण उघडा, प्रत्येक व्हॉल्व्ह, स्प्रिंग, लॉक क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा आणि हेड धुवा. कॉस्टिकच्या टाकीत ॲल्युमिनिअम घालू नका, ते खाल्लं जातं. धुवून झालं की डाय पेनिट्रंट मारून तडे शोधा. तीन स्प्रे येतात: साफ करायचा, लाल आणि पांढरा. लाल मारून थांबा, पुसा, पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधला पूल आणि प्लगच्या आट्यांपासून एक्झॉस्ट सीटपर्यंतची पट्टी या दोन जागा बारकाईने बघा. तिथे तडा असेल तर ते हेड टर्बोसाठी बाद. वेल्डिंग करून घेता येतं असं सांगणारे भेटतील. साध्या गाडीत ते चालेलही, बूस्टखाली, म्हणजे टर्बोच्या दाबाखाली, मी ते कधीच वापरणार नाही.

यानंतर प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटांवर रबर आणि पट्ट्या बसवून दोन-अडीच बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. गार पाण्यात न दिसणारा बुडबुडा गरम पाण्यात दिसतो, कारण तडा तापल्यावर उघडतो.

दुसरी पायरी: कॉम्प्रेशनचा हिशेब कागदावर

इथे ज्याला घाई होते त्याला पुढे सगळीकडे पैसे मोजावे लागतात. एका सिलिंडरचं घनफळ ३२४.५ सीसी. कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले वर असतानाची जागा) ९.५ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३८.२ सीसी. तुम्हाला ते ८.५ वर आणायचं आहे असं धरू. मग जागा लागेल ४३.३ सीसी, म्हणजे ५.१ सीसी जास्त.

सोपा वाटणारा रस्ता म्हणजे जाड हेड पॅकिंग. ७४ मिमी बोअरवर १ मिमी जाडी वाढली की ४.३ सीसी मिळतात, म्हणजे जवळपास १.२ मिमी जास्त जाड पॅकिंग लागेल. ते घातलं की पिस्टनच्या कडेचा सपाट भाग हेडपासून लांब जातो. तिथली हवा जोरात मध्ये ढकलली जाऊन पेट्रोल नीट कालवलं जायचं, ते बंद होतं. म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप एकदम भडकणं) टाळायला कॉम्प्रेशन कमी केलं आणि नॉकिंगचंच एक नवं कारण तयार केलं. कडेचं अंतर ०.८ ते १ मिमीच्या आसपास ठेवा आणि लागणारे सीसी पिस्टनच्या वाटीतून घ्या.

चेंबर, म्हणजे हेडमधली मिश्रण पेटतं ती पोकळी, प्रत्यक्ष मोजायला फार काही लागत नाही. भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी, प्रयोगशाळेतली ५० सीसीची ब्युरेट, थोडं ग्रीस आणि स्पिरिट. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि भोकातून स्पिरिट सोडत जायचं. चारही चेंबरमध्ये अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. जिथे कमी भरतं तिथे प्लगच्या आजूबाजूच्या धारदार कडा गोल करून तो फरक काढता येतो. एका दगडात दोन पक्षी, कारण टर्बोत प्रत्येक धारदार कडा तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते.

तिसरी पायरी: गाईड, व्हॉल्व्ह आणि सीट

मला जर एकाच कामावर पैसे खर्च करायला सांगितले तर मी ते इथे करीन.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बशीला लागणारी उष्णता बाहेर जायला दोनच वाटा आहेत. बहुतेक उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते, उरलेली दांडीतून गाईडमध्ये, म्हणजे दांडी सरकते त्या नळीत. व्हॉल्व्ह सीटवर बसलेला असतो तेवढाच वेळ पहिली वाट उघडी. आरपीएम वाढले की तो वेळ कमी होतो आणि टर्बोने वायू आणखी तापलेला असतो. म्हणून एक्झॉस्टची सीट रुंद ठेवायची. इनटेकला मी १ ते १.२ मिमी पट्टी ठेवतो, एक्झॉस्टला १.५ मिमीच्या आसपास. पट्टी व्हॉल्व्हच्या फेसच्या मध्यभागी किंवा किंचित बाहेरच्या बाजूला बसली पाहिजे, अगदी कडेवर नाही.

हे मी ठेच लागून शिकलो. माझं पहिलं टर्बो हेड मी एका दुकानात सीट कटिंगला दिलं. त्यांनी चारही सिलिंडरांना, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हींना, रेसिंगची म्हणून पाऊण मिमीची नाजूक पट्टी काढून दिली. फार सुंदर दिसत होती. तिसऱ्या दिवशी मैदानावर तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा वितळून गेला होता आणि त्याने टर्बोच्या पंख्याचीही दोन पाती खाल्ली होती. त्या दिवसापासून मी सीटची रुंदी तोंडी सांगत नाही. कागदावर आकडा लिहून देतो आणि परत घेताना व्हर्निअरने मोजूनच घेतो.

तीन कोनांचं कटिंग सांगा: वर ३०, मध्ये ४५, खाली ६० अंश. मधला ४५ चा कोन बसण्यासाठी, बाकीचे दोन हवेची वाट सोपी करण्यासाठी. पण त्याआधी गाईड. गाईड खराब असेल तर त्यावर टेकून कापलेली सीट गोल येतच नाही, म्हणून गाईडचं काम आधी, सीट नंतर. हा क्रम उलटा करणारा कारागीर असेल तर तिथून हेड उचलून आणा.

गाईड ब्रॉन्झचे घाला. कास्ट आयर्नपेक्षा ते उष्णता जास्त लवकर पुढे देतात. या इंजिनात व्हॉल्व्हची दांडी साधारण साडेपाच मिमीची, बारीक. इनटेकला दोन ते साडेचार शतांश मिमी आणि एक्झॉस्टला साडेचार ते सात शतांश खेळ ठेवायचा. टर्बोवर मी एक्झॉस्ट त्या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवतो, कारण दांडी तापून फुगते आणि गाईडमध्ये धरली की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. पुढे पिस्टन येऊन आदळतो. तेलाच्या सीलसाठी व्हायटॉनचे सील घ्या, साधं रबर कडक होऊन जातं.

व्हॉल्व्ह निवडताना चुंबक खिशात ठेवा. इनटेक व्हॉल्व्हला लोहचुंबक चिकटतं, ते ठीक आहे. एक्झॉस्टच्या बशीला ते चिकटायला नको. तिथे २१-४एन नावाचं ऑस्टेनिटिक स्टील हवं, जे तापूनही ताकद सोडत नाही. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये बशी २१-४एनची आणि दांडी दुसऱ्या स्टीलची असे दोन तुकडे फ्रिक्शन वेल्डने जोडलेले असतात, म्हणून चुंबक बशीलाच लावून बघा. बूस्ट १ बारच्या वर न्यायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू. बशीची कडा, म्हणजे फेस आणि तळ यांच्यामधली जाडी, एक्झॉस्टला १ मिमीपेक्षा कमी राहिली असेल तर तो व्हॉल्व्ह वापरू नका, कितीही नवा असो.

शेवटी बारीक पेस्ट लावून हाताने व्हॉल्व्ह घासा. हे घासणं सीट सुधारायला नाही, तपासायला आहे. चांगल्या कटिंगवर अर्ध्या मिनिटात सलग राखाडी पट्टी उमटते. दोन मिनिटं घासूनही पट्टी तुटक असेल तर कटिंग चुकलं आहे. तिथे पेस्टने झाकपाक करू नका. पेस्टचा कण राहिला तर तो गाईडला आणि पुढे सिलिंडरला खातो, तेव्हा धुताना कंजुषी नको.

चौथी पायरी: स्प्रिंग

व्हॉल्व्हला कॅमच्या मागे मागे परत आणणारी शक्ती म्हणजे स्प्रिंग. आरपीएम वाढले की लागणारं बळ वर्गाच्या पटीत वाढतं. ६५०० वरून ८००० ला गेलात तर दीडपटीपेक्षा थोडं जास्त. त्यावर टर्बोचा भार वेगळा. बूस्टची हवा इनटेक व्हॉल्व्हला मागून ढकलून उघडायला बघते. २८ मिमीची बशी आणि ०.८ बार बूस्ट धरला तर हा भार सुमारे ५ किलो. एक्झॉस्टच्या बाजूला टर्बाइनच्या आधीचा दाब बहुतेक वेळा बूस्टपेक्षा जास्त असतो, लहान टर्बोत तर चांगलाच. २४ मिमीची बशी, दीड बार मागचा दाब, झाले ७ किलो. हे किलो स्प्रिंगच्या बसलेल्या दाबातून वजा होतात. व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो आणि आवाज मिसफायरसारखा येतो. पोरं मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात, महिना घालवतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून स्प्रिंगखाली शिम (पातळ चकत्या) घालतात. त्यात धोका कसा आहे तो आकड्यांनी बघा. समजा स्प्रिंगची बसलेली उंची ३४ मिमी, लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो ते अंतर) ८.५ मिमी आणि वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २३.५ मिमी. पूर्ण उघडल्यावर २ मिमी जागा उरते. स्प्रिंग मिलिमीटरला अडीच किलोची असेल तर ५ किलो मिळवायला २ मिमीचे शिम लागतील. म्हणजे उरलेली सगळी जागा गेली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना स्प्रिंग ठोस नळीसारखी होते आणि रॉकर नाहीतर कॅम तुटतो. निदान १ ते दीड मिमी जागा नेहमी उरली पाहिजे.

म्हणून योग्य स्प्रिंगच घ्या: डबल किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होणारी. निमुळतीचा फायदा असा की वरची टोपी लहान आणि हलकी होते आणि स्प्रिंगची स्वतःची थरथर एका तालात जमत नाही. वजन कमी करणं हे स्प्रिंग जड करण्यापेक्षा नेहमी चांगलं. टोपी हलकी झाली की तेच काम कमी दाबात होतं, कॅम आणि रॉकर जास्त टिकतात. या इंजिनात रॉकर कॅमवर घासतो हे विसरू नका. आंधळेपणाने जड स्प्रिंग घातली तर कॅमचं नाक चपटं व्हायला फार दिवस लागत नाहीत.

प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर बसलेल्या उंचीला आणि पूर्ण लिफ्टला दाबून वहीत लिहा. सोळा स्प्रिंगांतली एक जरी दहा टक्क्यांनी हलकी निघाली तर ती बाजूला ठेवा. टेस्टर नसेल तर ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून काम भागतं, अचूकतेला थोडी मर्यादा येते एवढंच.

कॅमबद्दल थोडक्यात

टर्बोला ओव्हरलॅप जास्त असलेला कॅम नको. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना एक्झॉस्टचा जास्त दाब उलटा इनटेकमध्ये शिरतो. कंपनीचा कॅम पहिल्या टप्प्यात ठेवा, तो वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. रिग्राइंड, म्हणजे घासून नवा आकार, करून घेतलात तर मूळ वर्तुळ लहान होतं. टॅपेट स्क्रू किती बाहेर आला आणि रॉकर व्हॉल्व्हच्या टोकाच्या मध्यावरच टेकतो का, ते बघा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना हे बघायला पिस्टनवर मळलेल्या मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, उघडून सुरीने कापा आणि जाडी मोजा. इनटेकला दीड मिमी, एक्झॉस्टला दोन मिमी किमान हवी.

पाचवी पायरी: पोर्ट

महत्त्वात पोर्ट शेवटी, फक्त फेस आणि पॅकिंग हे जोडणीचं काम असल्याने ते यानंतर येतं. आता डाय ग्राइंडर हातात घ्या. इनटेक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या जोडावर पायरी असेल तर पॅकिंगच्या आकाराला जुळवा. हेडची वाट मॅनिफोल्डपेक्षा किंचित मोठी असली तर चालते, लहान असली तर हवा धारेवर आपटते. गाईडचा पोर्टमध्ये आलेला जाड भाग निमुळता करा. सीटच्या खालची कडा आणि पोर्टच्या आतल्या बाजूचं लहान वळण गोल करा. पोर्टिंगचा जवळपास सगळा फायदा या दोन जागांतून येतो. सरळ भाग मोठा करून काही मिळत नाही, उलट हवेचा वेग जातो आणि टर्बो उशिरा उठतो.

लहान वळण खोल खणू नका. त्याच्या मागे पाणी आहे. भिंत किती जाड आहे याचा अंदाज हवा असेल तर भंगारातलं एक फुटकं हेड बॅंडसॉवर उभं कापून घ्या. दोनशे-तीनशे रुपयांच्या भंगारात जे ज्ञान मिळतं ते कुठल्या व्हिडिओत नाही. आमच्या लेथवर असं कापलेलं हेड खिळ्याला टांगलेलं आहे आणि काम सुरू करायच्या आधी सगळे एकदा त्यात बोट घालून बघतात.

इनटेक ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सोडा. एक्झॉस्ट जमेल तेवढा गुळगुळीत करा, म्हणजे काजळी कमी धरते आणि उष्णता भिंतीत कमी शिरते. चेंबरही गुळगुळीत हवा.

सहावी पायरी: फेस, पॅकिंग आणि स्टड

मिश्रण पेटण्याच्या क्षणी सिलिंडरमध्ये ९० बार दाब आला तर ७४ मिमी बोअरवर हेडला वर ढकलणारं बळ जवळजवळ ३.९ टन होतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये, एका आड एका फेऱ्याला. हे धरून ठेवायचं काम बोल्टच्या ताणाचं आहे, पॅकिंग फक्त सील करते.

हेडचा फेस सरळ पट्टी आणि फिलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. ०.०५ मिमीची पट्टी शिरली तर फेस मारा, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. ब्लॉकही तपासा, कारण बरेच जण हेडला फेस मारतात आणि ब्लॉककडे बघतही नाहीत. मल्टिलेअर स्टीलची पॅकिंग वापरायची असेल तर फेस बारीक हवा, नखाला रेघ जाणवता कामा नये. तुमच्या गावातल्या मशीनवर तेवढा बारीक फेस येत नसेल तर धुळ्याला किंवा नाशिकला न्या. फेस मारताना जेवढं मटेरिअल गेलं त्याने चेंबरचे सीसी कमी झाले, तेव्हा ब्युरेट परत काढा.

जुने बोल्ट टाकून चांगल्या प्रतीचे स्टड घ्या. ब्लॉकमधल्या आट्या टॅपने साफ करा आणि हवेने फुंका. भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि त्यावर स्टड आवळला तर द्रवाच्या दाबाने ब्लॉक फुटतो. स्टड हाताने बसवा. नटाखाली आणि आट्यांवर स्टडवाल्याने दिलेलं वंगणच लावा, कारण इंजिन ऑइलवर आणि मॉलीच्या पेस्टवर तोच टॉर्क वेगळा ताण देतो. मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा.

पाणी, ऊन आणि पेट्रोल

इथे खानदेशचं खास सांगावं लागेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. ०.६ बार बूस्ट आणि ६५ टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरला तर २० अंशांची हवा टर्बोतून सुमारे ८५ अंशांवर बाहेर पडते, ४५ अंशांची हवा ११५ वर. या तीस अंशांच्या फरकाने नॉकिंग सुरू होतं. पुण्यात डिसेंबरमध्ये लावलेलं ठिणगीचं टायमिंग इथे वैशाखात चालत नाही. मोठा इंटरकूलर घ्या आणि हवा तापली की टायमिंग मागे घेणारा तक्ता ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरा.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या पातेल्याला बसतो तोच पांढरा थर हेडच्या पाण्याच्या वाटांना बसतो, आणि नेमका एक्झॉस्ट सीटच्या मागे, कारण तिथे पाणी उकळतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांशिवाय काहीही घालू नका, मैदानावर अडचणीतसुद्धा बिसलेरी चालेल पण बोअरचं नको. रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं चांगलं असेल तर पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. सैल झाकणाने ही सगळी राखीव गरमी गमावली जाते, तेव्हा शंभर-दोनशे रुपयांचं झाकण नवं घ्या.

प्लग एक किंवा दोन नंबर थंड घ्या. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा लहान म्हणजे थंड. दुकानदाराला सांगताना हे उलटं झालं की घोटाळा होतो. गॅप ०.६ ते ०.७ मिमी, नाहीतर बूस्टखाली ठिणगी विझते.

२०२३ पासून पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येऊ लागलं आहे. इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करतं, ही टर्बोवाल्याची जमेची बाजू. पण हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या मॅपवर (ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यावर) इंजिन कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालेल आणि कोरडं चालणारं टर्बो इंजिन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतं. मॅप नव्या पेट्रोलवर करा आणि जुने रबरी पाइप बदलून टाका.

जोडल्यावर

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला खेळ, मॅन्युअलच्या आकड्यावर, इंजिन गार असताना लावा. बूस्ट बंद ठेवून, म्हणजे वेस्टगेट उघडा ठेवून, इंजिन सुरू करा, पूर्ण गरम होऊ द्या आणि रात्रभर गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी टॅपेट परत बघा. नव्या सीट पहिल्या काही तासांत किंचित खाली बसतात, खेळ कमी होतो, आणि टॅपेट आवळलेला राहिला तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. तीन-चार वेळा असं गरम-गार झाल्यावरच बूस्ट सुरू करा, तोही ०.३ बारपासून.

प्रत्येक दिवसानंतर लीकडाउन टेस्ट घ्या. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते गेजवर वाचायचं. पहिल्या दिवशीचे चार आकडे वहीत लिहा, कारण पुढे तुलना त्यांच्याशीच होणार आहे. आकडा वाढला तर कान लावा. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक, तेलाच्या झाकणातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. माझ्या आताच्या हेडची वही दुसऱ्या हंगामात आहे. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा पहिल्या दिवशी पाच टक्के होता, गेल्या रविवारी सहा आला. सायलेन्सरला कान लावला, शांत होता. टॅपेट बघितले, खेळ दीड शतांश मिमी कमी झाला होता, तो लावून घेतला.